चड्डी का खराब होते?

पहिली-दुसरीच्या वर्गाला शिकवणाऱ्या शिक्षकांना हा प्रसंग नवा नाही. मधली सुट्टी संपून तास सुरू होतो आणि थोड्याच वेळात वर्गात वास पसरतो. मुले नाक दाबतात, कुजबुजतात आणि मग सगळ्यांच्या नजरा एकाच मुलाकडे वळतात. ते मूल मात्र काहीच ठाऊक नसल्यासारखे वहीत डोके खुपसून बसलेले असते. ‘अरे, तुला कळत नाही का? वेळेवर सांगायला काय झालं होतं?’ असे आपण विचारतो. घरी आईही हेच विचारते, कधी एखादी चापटही बसते. आणि दोन दिवसांनी पुन्हा तेच घडते.

आपल्या या प्रश्नात एक गृहीतक दडलेले आहे. शी लागल्याचे मुलाला कळले होते, पण खेळाच्या नादात, आळसाने किंवा हट्टाने ते गेले नाही, असे आपण धरून चालतो. शरीरशास्त्राच्या दृष्टीने पाहिले तर बहुतेक मुलांच्या बाबतीत हे गृहीतक चुकीचे ठरते. त्या मुलाला खरोखरच कळलेले नसते. असे का होते ते आपण या लेखात पाहू. शिक्षेने ही गोष्ट सुधारत का नाही, हेही मग आपोआप लक्षात येईल.

ही तक्रार वाटते तितकी दुर्मीळ नाही. जगभरच्या पाहण्या एकत्र केल्या तर साधारण दहा मुलांमागे एकाला बद्धकोष्ठाचा त्रास असतो. चार वर्षांवरील शंभर मुलांपैकी एक ते चार मुलांची चड्डी वरचेवर खराब होते. मुलींपेक्षा मुलांमध्ये हे प्रमाण जास्त आहे. अशा मुलांपैकी सुमारे ८० टक्के मुलांच्या मुळाशी बद्धकोष्ठ असते. वरवर पाहता हे उलटे वाटते. ज्याला शौचाला होतच नाही, त्याचे कपडे कसे खराब होतील? या कोड्याचे उत्तर मोठ्या आतड्याच्या रचनेत आहे.

दोन कडी, दोन मालक

अन्नाचे पचन आणि शोषण मुख्यतः लहान आतड्यात होते. उरलेला पातळ भाग मोठ्या आतड्यात उतरतो. प्रौढ माणसात हा द्रव रोज सुमारे दीड लिटर असतो. मोठे आतडे त्यातले बहुतेक पाणी शोषून घेते आणि मलाबरोबर जेमतेम १०० ते २०० मिलिलिटर पाणी बाहेर जाते. हे शोषण थांबत नाही. मल जितका जास्त वेळ आत राहील तितका तो कोरडा आणि टणक होत जातो. हा साधा मुद्दा लक्षात ठेवा. पुढचे सारे त्यावर अवलंबून आहे.

मोठ्या आतड्याच्या अगदी शेवटच्या भागाला मलाशय म्हणतात. एरवी तो रिकामा असतो. वरून मल उतरला की त्याची भिंत ताणली जाते, भिंतीतील चेतातंतू त्या ताणाची बातमी मेंदूला देतात आणि ‘शी लागली’ असे आपल्याला जाणवते. म्हणजे ही जाणीव मलाची नसून ताणाची असते.

गुदद्वाराशी स्नायूंची दोन कडी असतात. आतले कडे आपल्या ताब्यात नसते. मलाशय ताणला गेला की ते आपोआप सैल पडते. विल्यम गॉवर्स या इंग्रज वैद्याने १८७७ साली या क्रियेचे वर्णन केले होते. बाहेरचे कडे मात्र आपल्या इच्छेनुसार आवळता येते. आतल्याने दार उघडले तरी बाहेरचे ‘थांब’ म्हणू शकते. मुलाला ‘सवय लागली’ असे आपण म्हणतो तेव्हा खरे तर ते हे बाहेरचे कडे वापरायला शिकलेले असते.

कडे आवळून धरले की मलाशयाची भिंत थोडी सैलावते, ताण कमी होतो आणि काही मिनिटांत शौचाची भावना निघून जाते. ही सोय नसती तर प्रवास, सभा, वर्ग यांपैकी काहीच शक्य झाले नसते. पण तिचा वापर रोजचाच झाला की ती घातक ठरते. आपल्याकडच्या जुन्या वैद्यांनाही हे ठाऊक होते. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील सातव्या अध्यायाचे नावच ‘नवेगान्धारणीय’ असे आहे. शरीराचे जे तेरा वेग अडवू नयेत म्हणून तिथे सांगितले आहे, त्यांत मलाचा वेगही येतो.

रोखून धरण्याचे चक्र

सुरुवात बहुधा अगदी किरकोळ कारणाने होते. दोन दिवस ताप येतो, खाणेपिणे कमी होते, शीला खडा होतो. तो बाहेर पडताना गुदद्वाराशी बारीकशी चीर पडते, भयंकर दुखते, कधी रक्ताचा थेंबही दिसतो. अडीच-तीन वर्षांचे मूल यातून सरळ निष्कर्ष काढते : शी केली की दुखते, म्हणून शी करायची नाही. त्याच्या अनुभवाच्या मानाने हा निष्कर्ष अगदी तर्कशुद्ध आहे!

पुढच्या वेळी भावना झाली की मूल पाय ताठ करते, चवड्यांवर उभे राहते, पायाला पाय घट्ट आवळते, पलंगाच्या किंवा दाराच्या आड जाऊन लालबुंद होते. घरच्यांना वाटते, बिचारे कुंथते आहे. प्रत्यक्षात ते मल बाहेर काढण्यासाठी नव्हे, तर आत ठेवण्यासाठी सगळी शक्ती लावत असते. आत राहिलेल्या मलातले पाणी शोषले जाते. दुसऱ्या दिवशीचा खडा अधिक मोठा आणि अधिक टणक असतो, तो अधिक दुखतो, आणि मूल अधिक निश्चयाने रोखून धरते.

असे आठवडेच्या आठवडे चालले की मलाशय कायमचा भरलेला आणि ताणलेला राहतो. पायजम्याचे इलॅस्टिक फार दिवस ताणून ठेवले तर सैल पडते, तसेच काहीसे इथे होते. आता थोडा मल उतरला तरी भिंतीला नवा ताण जाणवत नाही. भावना होण्यासाठी पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त मल साठावा लागतो. बातमी देणारी यंत्रणाच बोथट होते. वरून येणारा पातळ मल साठलेल्या गोळ्याच्या कडेने झिरपतो. आतले कडे सततच्या ताणाने सैल पडलेले असते आणि बाहेरचे आवळण्याची सूचनाच मेंदूला मिळत नाही. चड्डी खराब होते ती अशी.

वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांना हे एका सोप्या प्रयोगाने दाखवता येईल. प्लॅस्टिकच्या बाटलीचा तळ कापून ती उलटी धरा. मानेत अडकेल असा एक ओबडधोबड बटाटा आत ठेवा आणि वरून पातळ ताक ओता. बटाटा जागचा हलत नाही, पण ताक त्याच्या कडेने थेंब थेंब गळत राहते. गळणारे ताक पाहून ‘रस्ता मोकळा आहे’ असे कोणी म्हणणार नाही. घरी मात्र पुष्कळदा तसेच होते. पातळ डाग पाहून मुलाला जुलाब होत आहेत असे समजतात आणि जुलाब थांबवण्याचे औषध देतात. त्याने बद्धकोष्ठ आणखी वाढते.

फुगलेला मलाशय शेजारच्या मूत्राशयावरही दाब देतो. त्यामुळे अशा काही मुलांना वारंवार शू लागते, चड्डी ओली होते, लघवीच्या मार्गाला जंतुसंसर्ग होतो. पोटात दुखणे आणि भूक मंदावणे हेही याच कारणाने होऊ शकते.

राहिला वासाचा प्रश्न. ‘सगळ्या वर्गाला वास येतो, मग यालाच कसा येत नाही?’ अगरबत्ती लावलेल्या खोलीत आपण बसून राहिलो तर थोड्या वेळाने आपल्याला तिचा वास जाणवेनासा होतो. बाहेरून येणाऱ्याला मात्र तो लगेच जाणवतो. एकच वास सतत येत राहिला की घ्राणेंद्रिय आणि मेंदू त्याची दखल घेणे थांबवतात. त्या मुलाचेही तेच झालेले असते. ‘मला कळलं नाही’ असे ते म्हणते तेव्हा बहुधा खरेच बोलत असते.

शाळेची घंटा आणि आतड्याची घंटा

हे चक्र सुरू होण्याचा संभव तीन वेळा जास्त असतो : वरचे अन्न सुरू होते तेव्हा, शौचाची सवय लावताना आणि शाळेत नाव घातल्यावर. तिसऱ्या टप्प्याशी आपला थेट संबंध आहे.

पोटात अन्न गेले की मोठ्या आतड्याची हालचाल वाढते आणि पुढच्या अर्ध्या तासात शौचाची भावना होण्याचा संभव असतो. सकाळच्या पहिल्या खाण्यानंतर ही क्रिया विशेष जोरात असते. आता आपल्या मुलांचा दिवस पाहा. सकाळच्या शाळेचे मूल घाईघाईने दूध-बिस्किट खाऊन निघते. आतड्याची हालचाल सुरू होते तेव्हा ते रिक्षात किंवा प्रार्थनेच्या रांगेत असते. मधल्या सुट्टीत ते डबा किंवा पोषण आहार खाते. पोटाची सूचना येईपर्यंत सुट्टी संपल्याची घंटा झालेली असते. मूल बोट वर करते आणि आपण म्हणतो, ‘आत्ताच सुट्टी झाली ना? तेव्हा काय करत होतास?’ तेव्हा त्याला लागलेलीच नव्हती, हे त्याचे खरे उत्तर असते.

त्यात शाळेचा संडास अंधारा, ओला, कडी नसलेला, पाणी नसलेला असेल तर मूल घरी जाईपर्यंत थांबायचे ठरवते. सहा तास थांबण्याची ही कला मुले पहिलीतच शिकतात. मुलामुलींसाठी वेगळी स्वच्छतागृहे हा २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यातील निकषांचा भाग आहे. पण इमारत असणे आणि सहा वर्षांच्या मुलाने तिथे निर्धास्तपणे बसणे, यांत बरेच अंतर आहे.

उपचार कोणत्या क्रमाने?

साठलेला गोळा आपोआप जाईल आणि ताणलेला मलाशय केवळ उपदेशाने पूर्ववत होईल, अशी आशा व्यर्थ आहे. म्हणून पहिली पायरी डॉक्टरांची. पॉलिइथिलीन ग्लायकॉल नावाची भुकटी पाण्यात विरघळवून मुलाच्या वजनाप्रमाणे काही दिवस मोठ्या मात्रेत देतात. ती आतड्यात पाणी धरून ठेवते, त्यामुळे गोळा मऊ होऊन निघून जातो. भारतीय बालरोगतज्ज्ञांनी २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांतही हेच औषध प्रथम सुचवले आहे; लहान बाळांना लॅक्टुलोज देतात.

दुसरी पायरी म्हणजे रोज मऊ शी होईल इतकी मात्रा पुढे चालू ठेवणे. घरोघरी चूक होते ती इथे. आठ दिवसांत बरे वाटले की ‘औषधाची सवय लागेल’ या भीतीने ते बंद करतात. पण सैल झालेला मलाशय आठ दिवसांत आकसत नाही, आणि दुखण्याची आठवणही आठ दिवसांत पुसली जात नाही. निदान दोन महिने, पुष्कळदा त्याहून जास्त काळ औषध द्यावे लागते आणि मग ते हळूहळू कमी करायचे असते. ही औषधे केवळ पाणी धरून ठेवण्याचे काम करतात. त्यांनी आतडे आळशी होत नाही. एवढे करूनही निम्मी मुलेच सहा ते बारा महिन्यांत औषधाशिवाय बरी होतात. धीर धरावा लागतो तो यासाठी.

साबणाची वात, विड्याच्या पानाचा देठ, दर आठवड्याला एरंडेल असले घरगुती उपाय टाळावेत. जिथे दुखते तिथेच पुन्हा काही घातले की मुलाची भीती दुणावते.

तिसरी पायरी सवयीची. रोज खाण्यानंतर पाच-दहा मिनिटे मुलाला निवांत बसवावे. गुडघे कमरेपेक्षा वर आले की मलाशयाच्या तोंडाशी असलेला स्नायूंचा पट्टा सैल होतो आणि वाट सरळ होते. आपल्या भारतीय संडासात हे आपोआप साधते. कमोडवर मात्र लहान मुलाचे पाय लोंबकळतात, म्हणून पायांखाली पाट किंवा चौरंग द्यावा. भारतीय भांडेही लहान मुलासाठी फार रुंद असते. आत पडण्याची भीती वाटू नये म्हणून धरायला काही आधार हवा. शाबासकी द्यायची ती बसल्याबद्दल. शी झालीच पाहिजे असे नाही. जे त्याच्या हातात आहे त्याचेच कौतुक करावे.

मल कसा असावा हे ओळखण्यासाठी इंग्लंडमधील ब्रिस्टल येथील संशोधकांनी १९९७ साली सात चित्रांचा एक तक्ता प्रसिद्ध केला. पहिल्या चित्रात शेळीच्या लेंड्यांसारखे सुटे खडे आहेत, सातव्यात नुसते पाणी. तिसरा-चौथा प्रकार, म्हणजे केळ्यासारखा मऊ आणि अखंड, उत्तम समजावा. रोज होते की नाही यापेक्षा कसे होते याकडे लक्ष द्यावे. एक दिवसाआड पण मऊ आणि न दुखता होत असेल तर काळजीचे कारण नाही.

आहाराचेही महत्त्व आहे. मुलाच्या वयात पाच मिळवले की त्याला रोज निदान किती ग्रॅम तंतुमय पदार्थ हवेत ते कळते, असा एक सोपा हिशोब आहे. पाच वर्षांच्या मुलाला दहा ग्रॅम. ज्वारी-बाजरीची भाकरी, सालीसकट मूग, पेरू, पालेभाजी यांतून ते सहज मिळतात. मैद्याची बिस्किटे आणि दिवसभर दूध यांतून मिळत नाहीत. दूध रोज अर्ध्या लिटरच्या आत ठेवावे. मात्र गोळा आधीच साठलेला असेल तर केवळ पेरू खाऊन तो हलणार नाही, हेही लक्षात असू द्यावे.

घाई नको

शौचाची सवय कोणत्या वयात लागावी? अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञ टी. बेरी ब्रेझल्टन यांनी १९६२ साली ११७० मुलांच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. मुलाची तयारी दिसल्यावरच शिकवायचे, असा त्यांचा सल्ला होता. त्या मुलांना दिवसाची सवय सरासरी साडेअठ्ठावीस महिन्यांच्या वयात लागली. आपल्याकडे आजी बाळाला पायांवर बसवून ‘शूऽ’ करते आणि बाळ शी-शू करते. यात वावगे काहीच नाही. पण तिथे बाळाची वेळ आजीने ओळखलेली असते, बाळाने अजून ताबा मिळवलेला नसतो. ‘आमची मुलं वर्षाची असताना सांगायची’ असे म्हणून अडीच वर्षांच्या मुलाला लाजवण्यात अर्थ नाही.

दोन तास कोरडे राहणे, शब्दाने किंवा खुणेने सांगणे, चड्डी खाली ओढता येणे ही तयारीची लक्षणे. काही मुले शू संडासात करतात, पण शीसाठी डायपरच मागतात. तो हट्ट मोडू जाल तर रोखून धरणे सुरू होईल. आधी डायपर घालून संडासात उभे राहू द्यावे, मग डायपर घालूनच बसू द्यावे, मग तो सैल करावा; असे पायरीपायरीने न्यावे.

वर्गात काय करता येईल?

शिक्षकांच्या हाती असलेल्या गोष्टी साध्या आहेत आणि त्यांना पैसे पडत नाहीत. पहिली ते चौथीच्या मुलांना संडासला जाण्याची परवानगी कोणत्याही तासाला, कारण न विचारता द्यावी. अशा मुलासाठी खुणेचे एखादे कार्ड ठरवावे, म्हणजे त्याला सर्वांदेखत मागावे लागणार नाही. पोषण आहारानंतर दहा मिनिटे त्याला न सांगता-सवरता मोकळे सोडावे. कपाटात एक जादा चड्डी आणि पिशवी ठेवावी. प्रसंग घडलाच तर त्याला शांतपणे बाहेर न्यावे आणि वर्गाचे लक्ष दुसरीकडे वळवावे. जागा बदलणे, टोपणनाव पडू देणे, घरी चिठ्ठीत ‘घाणेरडी सवय’ असे लिहिणे हे कटाक्षाने टाळावे. चिठ्ठीत काय दिसले तेवढेच लिहावे आणि डॉक्टरांना दाखवण्यास सुचवावे.

काही लक्षणे मात्र लगेच दाखवली पाहिजेत. जन्मानंतर ४८ तासांत बाळाला पहिली शी न होणे, पहिल्या महिन्यापासूनच बद्धकोष्ठ असणे, पोट फुगून उलट्या होणे, वजन न वाढणे, पायांत अशक्तपणा येणे ही ती लक्षणे. सुमारे पाच हजारांत एका बाळाच्या मोठ्या आतड्याच्या टोकाला चेतापेशीच नसतात. हॅराल्ड हिर्शस्प्रुंग या डॅनिश वैद्याच्या नावाने ओळखला जाणारा हा विकार शस्त्रक्रियेने बरा करावा लागतो. नीट सवय लागलेले मूल एकाएकी चड्डी खराब करू लागले तर घरी किंवा शाळेत त्याला कशाची भीती बसली आहे का, त्याला कोणी त्रास देत आहे का, हेही हळुवारपणे पाहावे.

शिक्षेचा परिणाम आता उलगडून सांगण्याची गरज नाही. घाबरलेले मूल काय करते? बाहेरचे कडे आणखी घट्ट आवळते. म्हणजे जी गोष्ट थांबावी म्हणून आपण रागावतो, तिचेच कारण आपल्या रागाने पक्के होते. पुढच्या वेळी मुलाने बोट वर केले की फळ्यावरचे गणित तसेच राहू द्या आणि त्याला जाऊ द्या. गणित दहा मिनिटांनीही सुटेल.